बुटक्या यूचं कुंपण: परवानगीपासून पहिल्या छाटणीपर्यंत

यूचं कुंपण लावायचं ठरवलं तेव्हा माहिती पुष्कळ मिळाली, पण सगळी सुटी सुटी. विषारीपणाबद्दल एकीकडे, छाटणीबद्दल दुसरीकडे. रोप जमिनीत गेल्यापासून कुंपण म्हणावं असं काही उभं राहीपर्यंत काय काय होतं, कुठं थांबावं लागतं, कशाची भीती बाळगायची आणि कशाची नाही, हे सलग कुणी सांगितलेलं सापडलं नाही. आमचं कुंपण आता नीट धरलं आहे, म्हणून हे क्रमानं लिहून ठेवते आहे.

यू (yew) हे थंड हवेचं, सुईसारख्या पानांचं सदाहरित झाड. जिथं हिवाळ्यात पाणी गोठतं आणि उन्हाळा फार भाजत नाही, अशाच जागी ते रमतं. उष्ण आणि दमट हवेत ते कुढत राहतं, तिथं हा खटाटोप करू नये.

आमच्याकडे दारापासून फाटकापर्यंत बॉक्सवूडची, म्हणजे बारीक पानांच्या सदाहरित झुडपांची, ठेंगणी रांग होती. २०२०च्या ओल्या उन्हाळ्यात तिला बुरशीचा करपा लागला. पानांवर तपकिरी ठिपके, कोवळ्या काड्यांवर काळ्या रेघा आणि मग पानगळ. पुढच्या वसंतापर्यंत नुसते सांगाडे उरले. या करप्याचे बीजाणू गळलेल्या पानांत वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे त्याच जागी पुन्हा बॉक्सवूड लावण्यात अर्थ नव्हता. यूला हा करपाही लागत नाही आणि बॉक्सवूडची पानं फस्त करणाऱ्या पतंगाची अळीही त्याच्या वाटेला जात नाही. शिवाय यूचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. बहुतेक सूचिपर्णी झाडं जुन्या, उघड्या लाकडापर्यंत छाटली की तिथून परत फुटत नाहीत, यू फुटतो. वाऱ्यानं एखादी फांदी मोडली, बर्फानं एखादी बाजू दबली, तरी ती जागा पुन्हा भरून येते. एकदा लावून पन्नास वर्षं ठेवायचं झाड असेल तर हा भरवसा हवाच.

घरात पहिला प्रश्न विषाचा निघाला, आणि तो निघायलाच हवा. यूच्या पानांत, सालीत, लाकडात आणि बीमध्ये टॅक्सीन नावाची अल्कलॉइड द्रव्यं असतात. ती थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. बीभोवतीचा लाल, मांसल कप तेवढा बिनविषारी. पण त्याच्या पोटात विषारी बी असतं, आणि लहान मुलांना खुणावतो तोही तो लाल रंगच. घोड्या-गुरांच्या तर थोडा पालाही जिवावर बेततो. फांद्या वाळल्या म्हणून त्यातलं विष जात नाही, उलट कोपऱ्यात पडलेला वाळका ढीग कुणाच्या लक्षातही राहत नाही.

आम्ही आठवडाभर यावर बोलत होतो. आमच्याकडे नात्यातली लहान मुलं येऊन-जाऊन असतात. शेवटी तीन गोष्टी ठरल्या. एक, फळं धरणारी मादी झाडं घ्यायचीच नाहीत. दोन, कुंपणाच्या पलीकडून जनावरं तोंड घालतील अशा कडेला ती लावायची नाहीत. तीन, छाटलेली काडी न् काडी त्याच दिवशी उचलायची. विषबाधा मदतकेंद्राचा, जवळच्या दवाखान्याचा आणि पशुवैद्याचा नंबर फ्रिजच्या दारावर लावून ठेवला आहे. कुणी पान किंवा बी चघळलं असा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट बघत बसायचं नाही, लगेच फोन करायचा. एवढं पाळायची घरातल्या सगळ्यांची तयारी नसेल, तर दुसरं झुडूप निवडावं असं माझं स्पष्ट मत आहे.

नर झाडं आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि कलमानं वाढवलेल्या जातींमध्ये बऱ्याचदा लिंग ठरलेलं असतं. ‘हिलाय’ आणि ‘ब्राउनाय’ या जाती नर, तर ‘रेपँडेन्स’, ‘वॉर्डाय’ आणि सोनेरी ‘स्टँडिशाय’ मादी. तरीही दर शरदात कुंपणावरून एकदा डोळे फिरवावेत हे बरं. स्कॉटलंडमधल्या फोर्टिंगलचा पुरातन यू नर म्हणून नोंदलेला आहे, पण २०१५ मध्ये त्याच्या एका फांदीवर लाल फळं आलेली दिसली. असं क्वचितच होतं, पण होतं.

जात निवडताना ‘बुटकी’ या शब्दावर विसंबून राहू नका. रोपवाटिकेत वीतभर दिसणारं रोप पुढं किती पसरेल, हे पाटीवरच्या उंचीपेक्षा तिथं लिहिलेल्या रुंदीवरून जास्त कळतं. ‘डेन्सिफॉर्मिस’ उंचीला मीटरभर राहतो, पण रुंदीला त्याहून बराच जास्त होतो. ‘रेपँडेन्स’ जमिनीलगत लांब हात पसरतो. ‘हिक्साय’ सरळ खांबासारखा चढतो, तो अरुंद जागेत उंच कुंपणासाठी चांगला, गुडघ्याएवढ्या रांगेसाठी नाही. आम्ही सलग रांगेसाठी ‘हिलाय’ घेतला. मोकळा सोडला तर तोही पुरुषभर उंचीच्या वर जातो, पण वाढ दाट आणि संथ, त्यामुळे वर्षातून एका छाटणीत मापात राहतो. फाटकाजवळच्या वाऱ्याच्या कोपऱ्यासाठी ‘टाउंटनाय’, कारण हिवाळ्यात पानं करपण्याला तो चांगला तोंड देतो. या दोन्ही जाती इंग्लिश यू आणि जपानी यू यांच्या संकरातल्या. हा संकर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये, वेलस्लीच्या हनवेल इस्टेटवर टी. डी. हॅटफिल्ड या माळ्यानं केला. जपानी यूचा काटकपणा आणि इंग्लिश यूची गर्द हिरवाई, दोन्ही त्यात उतरलं. थंडी हा संकर साधारण उणे तीस अंश सेल्सियसपर्यंत सोसतो. नुसता इंग्लिश यू तितका काटक नाही.

हिमालयातला यू लावावा असंही एकदा मनात आलं होतं. पण टॅक्सस वॉलिचियाना ही जात औषधासाठी इतकी ओरबाडली गेली की १९९५ पासून ती सायटीस या, धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. तिचा सीमेपलीकडचा व्यापार परवान्याशिवाय होत नाही. शिवाय कुठलंही जिवंत रोप एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचं तर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. कुणी पाहुण्यानं सामानातून रोप आणून देतो म्हटलं तरी नको म्हणा. आपल्याच भागातल्या रोपवाटिकेत वाढलेलं रोप घ्यावं, त्याला तिथल्या हवेची सवयही असते.

मग परवानगी. आमच्या वसाहतीत घराच्या दर्शनी भागात कुंपण बदलायचं तर समितीकडे अर्ज द्यावा लागतो. मार्च २०२१ मध्ये अर्ज दिला. त्यात जागेचा आराखडा, हद्दीपासूनचं अंतर, झाडांची कमाल उंची आणि झाडाचं नाव मागितलं होतं. मी ‘यू’ एवढंच लिहिलं होतं. शास्त्रीय नाव आणि जात लिहा म्हणून अर्ज परत आला. समितीची बैठक महिन्यातून एकदाच, त्यामुळे त्या एका ओळीपायी अख्खा महिना गेला. दुसऱ्या बैठकीत विषारीपणाचा मुद्दा निघाला. तो निघणार हे माहीत होतं, म्हणून मी आधीच एक पान जोडलं होतं: नर जात, फळं नाहीत, पदपथापासून अंतर राखणार, छाट त्याच दिवशी उचलणार. चर्चा त्या पानावरच झाली आणि तिथंच संपली. मंजुरीचं पत्र मे महिन्याच्या अखेरीस हातात पडलं. त्यात दोन अटी होत्या, कोपऱ्यावर उंची मीटरभराच्या आत ठेवायची, म्हणजे वळणारी गाडी दिसेल, आणि झाडाचा पसारा हद्दीच्या आत ठेवायचा.

ही दुसरी अट मान्य करण्यासारखीच आहे, अट नसती तरी पाळावी अशी. पूर्ण वाढीनंतरची रुंदी धरा, तिच्या निम्म्याएवढं अंतर हद्दीपासून सोडा, आणि वर वीतभर जास्त. आम्ही पाऊण मीटर सोडलं. त्यामुळे पलीकडच्या बाजूची छाटणीही आपल्याच जागेत उभं राहून करता येते, आणि काड्या शेजाऱ्यांच्या हिरवळीवर पडत नाहीत.

त्याच सुमारास जमिनीखालच्या तारा आणि नळ कुठून जातात याची आखणी मागवली. त्यासाठी वेगळा अर्ज आणि थोडी वाट. आखणी करणाऱ्यांनी मातीवर रंगाच्या रेघा ओढून दिल्या तेव्हा कळलं, की एक तार आमच्या नियोजित ओळीच्या अगदी कडेनं जाते. ओळ फूटभर आत सरकवली. खणायच्या दिवशी हे कळण्यापेक्षा कितीतरी बरं.

आता निचऱ्याबद्दल, कारण माझ्या मते यूचं जगणं-मरणं इथंच ठरतं. थंडी, सावली, छाटणी, चुनखडीची जमीन, यू हे सगळं सोसतो. अजिबात सोसत नाही ते मुळांशी साचलेलं पाणी. ओल्या, हवाबंद मातीत फायटॉप्थोरा हा बुरशीसारखा जीव मुळं कुजवतो, आणि वरची पानं फिकी, मग पिवळी पडायला लागतात तोवर खाली फारसं काही उरलेलं नसतं. लोक त्या पिवळेपणाला पाण्याची कमतरता समजून आणखी पाणी घालतात.

जून महिन्यात आम्ही सगळ्या ओळीवर अंतरा-अंतरानं हातभर खोल खड्डे घेतले. खड्डा पाण्यानं भरायचा, ते पाणी पूर्ण जिरू द्यायचं, आणि मग पुन्हा भरायचा. मोजायचं ते दुसऱ्या वेळचं. पहिल्या वेळी कोरडी माती पाणी शोषून घेते आणि निचरा आहे त्यापेक्षा चांगला भासतो. खड्ड्यात काठी उभी करून तिच्यावर पेन्सिलनं खुणा केल्या आणि दर तासाला बघत राहिलो. तासाला अडीच सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त पाणी उतरलं तर काळजी नाही. घराजवळचे खड्डे उत्तम निघाले. फाटकाकडच्या उताराला मात्र संध्याकाळी भरलेलं पाणी सकाळीही तळाशी होतं, आणि खणलेली बाजू चिकण, गुळगुळीत, फावड्याच्या पात्याचा ठसा तसाच धरून ठेवणारी. वर छपराच्या पन्हाळीचा नळही नेमका तिथंच उतरत होता.

उपाय दोन केले. पन्हाळीचं पाणी पाइप टाकून हिरवळीकडे वळवलं. आणि त्या भागात खोल खणून खड्ड्यात वाळू-खडी भरण्याऐवजी जमिनीवरच वीतभर उंच, रुंद वरंबा घातला. चिकण मातीत खड्डा करून त्यात भुसभुशीत माती भरली की आजूबाजूचं पाणी त्याच खड्ड्यात येऊन साचतं, हौदासारखं. वरंब्यात ते बाजूला निघून जातं. या कामाला झाडांइतकाच खर्च आला म्हटलं तरी चालेल, कारण माती विकत आणावी लागली. तरी कुणी मला खर्च कुठं वाचवू विचारलं तर मी सांगेन, रोपं लहान घ्या, पण इथं हात आखडू नका. खतं, मुळं वाढवणारी पूड, चकचकीत पाट्या लावलेल्या पिशव्या, यातलं मी लागवडीसाठी काहीच घेतलं नाही आणि काही अडलंही नाही. माती तपासून घेतली होती. सामू (पीएच) सातच्या आसपास निघाला. यूला तो चालतो, म्हणून त्यातही ढवळाढवळ केली नाही.

रोपं तीन प्रकारांत मिळतात. उघड्या मुळांची, मातीच्या गोळ्यासकट गोणपाटात बांधलेली, आणि कुंडीतली. उघड्या मुळांची सगळ्यांत स्वस्त, पण ती फक्त झाड झोपेत असताना, उशिरा शरदापासून वसंताच्या आरंभापर्यंतच मिळतात, आणि मुळं तासभरही वाऱ्यावर सुकू देऊन चालत नाहीत. गोळ्याची रोपं मोठी आणि लगेच कुंपणासारखी दिसतात, मात्र महाग, आणि उचलायला दोन माणसं लागतात. कुंडीतली मधली. आम्ही कुंडीतली, गुडघ्यापेक्षाही कमी उंचीची निवडली आणि ऑगस्टमध्येच नाव नोंदवून ठेवलं. नर ‘हिलाय’ एवढ्या संख्येनं एकाच वेळी हवा तर ऐनवेळी मिळत नाही. रोपवाटिकेतल्या बाईंनी नोंदवहीत लिंग आणि जात दोन्ही लिहून दिलं, ते लिहून घ्यायला संकोच करू नका.

रोपं ताब्यात घेताना तीन गोष्टी बघितल्या. पानांच्या कडा कुरतडलेल्या आहेत का. कुंडीतून गोळा काढल्यावर मुळं गोल गोल फिरून घट्ट झाली आहेत का. आणि मातीत पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, अर्धवट वळलेल्या अळ्या आहेत का. दोन रोपं कुरतडलेल्या कडांसाठी परत दिली. बाईंनी काही न बोलता बदलून दिली.

लागवड ऑक्टोबर २०२१ मध्ये केली. हवा गार झालेली असते पण माती अजून कोमट असते, त्यामुळे वरची वाढ थांबली तरी मुळं हातपाय पसरतात. जमीन गोठण्याआधी निदान महिना-दीड महिना तरी मिळायला हवा. दोरी बांधून ओळ धरली आणि दोन रोपांत अर्धा मीटर अंतर ठेवलं. पंचेचाळीस ते साठ सेंटीमीटर हे कुंपणासाठी योग्य अंतर. जवळ लावून घाई करायचा मोह होतो, पण मग पुढं झाडंच एकमेकांशी भांडतात.

खड्डा गोळ्याच्या दुप्पट रुंद घेतला, खोल मात्र गोळ्याएवढाच. रोप कुंडीत ज्या पातळीवर होतं त्याच पातळीवर, किंवा बोटभर वरच बसवायचं. लावणीच्या दिवशी मी प्रत्येक रोपाच्या बुंध्याशी वरची माती बोटांनी हलकेच बाजूला सारून पाहिली. खोड जिथं थोडं रुंद होऊन पहिली मुळं फुटतात ती जागा काही रोपांत कुंडीतल्या मातीखाली दोन-तीन सेंटीमीटर गाडली गेली होती, रोपवाटिकेत कुंडी बदलताना वर माती पडते तशी. ती माती काढून टाकली आणि खरी पातळी धरून बसवलं. या कामाला फार वेळ जातो, सगळ्यांनाच कंटाळा येतो, पण खोल गेलेला यू वर्षा-दोन वर्षांनी कुरकुरायला लागतो आणि तेव्हा कारण दिसत नाही. गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी केली, न सुटणारी कात्रीनं उभी कापली. खड्ड्यात निघालेलीच माती परत भरली. पायानं दणदण दाबली नाही, पाण्यानंच बसू दिली. वर सालीच्या तुकड्यांचं पाच ते आठ सेंटीमीटर आच्छादन, बुंध्यापासून चार बोटं लांब.

पहिला हिवाळा हा वाट बघण्याचा आणि काळजीचा काळ. यूची पानं हिवाळ्यातही बाष्प सोडत असतात. ऊन पडलं, कोरडा वारा सुटला, आणि जमीन मात्र गोठलेली असली की मुळं पाणी देऊ शकत नाहीत. पानं तपकिरी होतात. म्हणून जमीन गोठेपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर संपेपर्यंत, कोरड्या आठवड्यांत पाणी देत राहिलो. वाऱ्याच्या बाजूला खुंट्या ठोकून गोणपाट ताणलं. ते झाडाला गुंडाळायचं नाही. थोडं लांब, पडद्यासारखं. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्याचे शिंतोडेही यूला सोसत नाहीत, फाटकाकडचं गोणपाट त्याही उपयोगी पडलं. साचलेला बर्फ झाडूनं खालून वर उचलत झाडायचा. वरून आपटून झाडला तर गोठलेल्या फांद्या काडकन तुटतात.

एवढं करूनही मार्च २०२२ मध्ये पश्चिमेकडच्या काही झुडपांची एक अख्खी बाजू विटकरी झाली. तो रंग पाहून पोटात खड्डा पडला. उपटून बदलावं का, असं घरात बोलणं झालं. मी नखानं काडीची साल थोडी खरवडून पाहिली, खाली ओलसर हिरवं दिसलं. तपकिरी पानं परत हिरवी होत नाहीत, पण काडी जिवंत असेल तर डोळे फुटतात. म्हणून काहीही न कापता थांबलो. मेच्या मध्यापासून त्याच काड्यांवर पोपटी कोंब यायला लागले. जूनमध्ये ज्या टोकांना काहीच फुटलं नाही तेवढीच कापली. तुमची झुडपं वसंतात तपकिरी दिसली तर जून उजाडेपर्यंत कुदळ हातात घेऊ नका.

त्याच वसंतात आणखी एक गोष्ट झाली. नर झाडं फुलोऱ्यावर आली. पानांच्या बगलेत मोहरीएवढे फिकट पिवळे गोळे, आणि फांदीला धक्का लागला की परागाचा धूर. फळांचा धोका टाळायचा तर हा पराग स्वीकारावा लागतो. घरात कुणाला परागाचा त्रास असेल तर झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली नर यू लावू नये. आमची ओळ फाटकाकडे आहे, तिथं त्रास झाला नाही.

पहिल्या उन्हाळ्यात पाणी कधी घालायचं हे वेळापत्रकानं ठरवलं नाही. आच्छादन सारून मातीत दोन पेरं बोट घालायचं, खाली कोरडं लागलं तरच पाणी, आणि ते झारीनं वरवर न शिंपडता सावकाश, खोलवर. वरंब्यावरच्या झाडांना हे जास्त वेळा लागलं, कारण वरंबा लवकर सुकतो. निचरा मिळवला की पाण्याची जबाबदारी आपल्याकडे येते, निदान पहिली दोन वर्षं.

जुलैमध्ये काही पानांच्या कडांना अर्धगोल खाचा दिसल्या. दिवसा शोधून काही सापडलं नाही. रात्री विजेरी घेऊन बाहेर गेले तेव्हा फांदीवर काळपट, सोंडेचा, संथ चालणारा भुंगा दिसला. हा द्राक्षवेलीचा सोंड्या भुंगा. तो पानं खातो त्यानं झाडाचं फारसं बिघडत नाही. खरा घात त्याच्या अळ्या करतात, त्या जमिनीत मुळं खातात. यात नर नसतात, एकटी मादी शेकडो अंडी घालते, त्यामुळे एक दिसला तरी गांभीर्यानं घ्यावं. फांद्यांखाली पांढरं कापड पसरून झाडं हलवली आणि पडलेले भुंगे साबणाच्या पाण्यात टाकले. हे काम काही रात्री चाललं. सप्टेंबरमध्ये जमिनीतल्या अळ्या मारणारे परोपजीवी सूत्रकृमी मागवले. हे सूक्ष्म जीव जिवंत येतात, फ्रिजमध्ये ठेवावे लागतात, आणि पाकिटावरच्या तारखेच्या आतच वापरावे लागतात. संध्याकाळी, ओल्या मातीवर, पाण्यात मिसळून द्यायचे, कारण उन्हात ते मरतात. काही जातींना माती निदान बारा अंश तापमानाची लागते, स्टायनरनेमा क्राउसाय ही जात पाच अंशांपर्यंत काम करते. मागवताना तुमच्या मातीचं तापमान बघून मागवा. पुढच्या उन्हाळ्यात खाचा पुष्कळ कमी झाल्या.

२०२३ बद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. झुडपं जेमतेम चार बोटं वाढली. बघणारे विचारायचे, जगलीत ना? यूचं असंच असतं, आधी खाली, मग वर. या वर्षात फक्त तण काढलं, आच्छादन पुन्हा घातलं आणि बाजूच्या लांब काड्यांची टोकं खुडली, म्हणजे ती खालून दाट व्हावीत. दुसऱ्या हिवाळ्यात ‘टाउंटनाय’ला डागही लागला नाही, ‘हिलाय’ची किरकोळ टोकं करपली.

खरी छाटणी ऑगस्ट २०२४च्या अखेरीस. त्या वेळी वर्षाची मुख्य वाढ संपलेली असते, आणि नंतर येणारे थोडे कोंब थंडीआधी पक्के होतात. त्याहून उशीर केला तर कोवळे कोंब गारठ्यात सापडतात. कात्रीला धार हवी, बोथट कात्री पानं चिरडते आणि कडा तांबूस होतात. आडवी दोरी बांधली आणि तळाशी रुंद, वर थोडं निमुळतं असा आकार धरला. वरचा भाग रुंद ठेवला तर खालच्या फांद्यांना उजेड मिळत नाही आणि कुंपण पायाशी उघडं पडतं. एका वेळी फार न कापता दर दोन हातांवर मागं जाऊन लांबून बघितलं. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि खाली आधीच अंथरलेली ताडपत्री. छाट त्या ताडपत्रीतच गुंडाळून संध्याकाळपर्यंत हिरव्या कचऱ्याच्या केंद्रावर पोचवली. ती ससे, शेळ्या, कोंबड्या असलेल्या कुणालाही द्यायची नाही, मागितली तरी.

त्या ताडपत्रीवरच्या ढिगाकडे बघताना मला रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी आठवले. त्यांचा जन्म १९२५चा, नंदुरबारचा. अमेरिकेत मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करताना त्यांनी पॅसिफिक यूच्या सालीतून मिळालेल्या टॅक्सॉल या द्रव्याची रचना उलगडली आणि १९७१ मध्ये ती प्रसिद्ध केली. १९९२ मध्ये अमेरिकेत ते अंडाशयाच्या कर्करोगावरचं औषध म्हणून मंजूर झालं. साल काढली की झाड मरतं, म्हणून पुढं इंग्लिश यूच्या पानांतून मिळणाऱ्या द्रव्यापासून या वर्गातली औषधं बनवायची वाट निघाली, आणि ब्रिटनमध्ये यूच्या कुंपणांची ताजी छाट त्यासाठी गोळा केली जाऊ लागली. ज्या पाल्याला आम्ही मोजे घालून हात लावतो, त्याच पाल्यातून कितीतरी बायकांचं आयुष्य वाढलं, आणि त्या शोधात खानदेशातला माणूस होता, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

छाटणीच्या काड्यांतून काही कलमं लावली आहेत, कारण ओळीच्या टोकाला जागा शिल्लक आहे. यंदाच्या वाढीची, बुडाला जुन्या लाकडाची टाच असलेली, बोटभर ते वीतभर लांबीची काडी घ्यायची. खालची पानं काढायची, मुळं फुटण्याच्या पुडीत बूड बुडवून वाळू आणि परलाइटच्या (हलक्या, पांढऱ्या खनिज दाण्यांच्या) मिश्रणात खोचायची. इथं एक बारकावा आहे. सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची काडी घेतली तर झाड उभं वाढतं. आडव्या फांदीची घेतली तर ते वर्षानुवर्षं आडवंच पसरतं. कुंपणासाठी शेंड्याच्याच काड्या घ्या. मुळं यायला तीन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. काडी हिरवी दिसते म्हणून उपटून बघू नका. माझ्या बऱ्याचशा काड्यांनी वसंतात मुळं धरली. त्या आणखी दोन वर्षं कुंडीत राहतील, मग ओळीत जातील.

बाकी कुंपण आता गुडघ्याच्या वर आलं आहे आणि शेजारशेजारच्या झुडपांची टोकं एकमेकांना लागली आहेत. खालून अजून उजेड दिसतो. तो बुजायला आणखी दोन-तीन वर्षं जातील असा अंदाज आहे. तोवर वर्षाचं काम ठरलेलं: वसंतात पाहणी, जुलैत रात्रीची विजेरी, ऑगस्टअखेर छाटणी, आणि जमीन गोठण्याआधी एकदा पोटभर पाणी. समितीनं घातलेली उंचीची अट कोपऱ्यावर पुढच्या वर्षीपासून लागू पडेल असं दिसतंय, म्हणून तिथं एक मीटरवर खूण केलेली काठी आत्ताच रोवून ठेवली आहे.